गावात सगळ्यांसाठी नेट आणायचंय: भारतनेट, केबलवाला, पीएम-वाणी, एअरफायबर की सॅटेलाईट?

सध्या ग्रामसभेत रस्ता, पाणी, गटार झालं की एक विषय हमखास निघतो, गावात वायफाय. एखादं पोरगं उठून म्हणतं शेजारच्या गावात चौकात फुकट वायफाय लावलाय, आपल्याकडं कधी, सरपंच म्हणतात बघू, आणि पुढच्या महिन्यात कुठल्यातरी एजन्सीचं दोन-अडीच लाखाचं कोटेशन टेबलावर येऊन पडतं, त्यात एक खांब, चार डबे आणि एक मोठा बोर्ड. त्या कोटेशनवर सही व्हायच्या आधी वाचायला म्हणून हे लिहितोय. सरपंच, सदस्य, वाचनालयाची कमिटी, तरुण मंडळ, जो कोणी ठरवणार असेल त्याच्यासाठी.

माझा कल आधीच सांगतो. चौकातला फुकट वायफाय मला सगळ्यात वाईट पर्याय वाटतो. फायबर जिथं पोचतो तिथं वाचनालयात एक बरं कनेक्शन आणि बाहेर एखाद्या दुकानात पीएम-वाणी (दुकानदार पाच-दहा रुपयांच्या कूपनवर वायफाय विकतो ती सरकारी योजना), ही जोडी जास्त टिकते. आणि कुठलाही पर्याय घ्या, पहिला प्रश्न स्पीडचा विचारू नका, बंद पडल्यावर कोण येणार आणि त्याला यायला भाग कोण पाडणार हा विचारा. खालची सगळी तुलना त्याच प्रश्नाभोवती फिरते.

आधी नेट कुणाला नाही ते बघा

गावातल्या बहुतेक पोरांकडं फोन आहे आणि रोजचा दीड-दोन जीबी डेटा पण आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं तेव्हापासून हे चित्र पालटलं, ते मान्य करूनच पुढं जाऊ. मग अडतं कुणाचं? एमपीएससी आणि पोलीस भरतीची पोरं, ज्यांचा दिवसाचा डेटा दुपारी चारलाच संपतो कारण लेक्चर व्हिडिओवर असतात. बायका, कारण घरात स्मार्टफोन एक आणि तो नवऱ्याच्या नाहीतर पोराच्या खिशात. म्हातारी माणसं. ज्यांचा रिचार्ज संपून पंधरा दिवस झालेत ती माणसं, आणि जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर अशी माणसं वाढलीत हे कुठल्याही रिचार्जवाल्याला विचारा. शिवाय शाळा, अंगणवाडी, उपकेंद्र.

आणि कामं कसली? महाडीबीटीचा फॉर्म, पीक विमा, ई-पीक पाहणी, ई-केवायसी. ही नुसत्या वायफायने होत नाहीत, त्याला एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, चालणारा प्रिंटर आणि फॉर्म भरता येणारं एक माणूस लागतं. म्हणजे सार्वजनिक नेट म्हणताना खांबावरचा डबा डोळ्यासमोर आणलात की निम्मे लोक तिथंच बाहेर पडले. लाडकी बहीणच्या ई-केवायसीच्या वेळी २०२५ मध्ये नंदुरबारकडच्या बायका नेटवर्कसाठी डोंगर चढल्याच्या बातम्या आल्या होत्या, आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये कोकणात डोंगरावर झोपडी बांधून ऑनलाईन लेक्चर केल्याची बातमी तर सगळ्यांना आठवत असेल. अशा गावांचा प्रश्न वेगळा आहे आणि रस्त्याकाठच्या चार हजार वस्तीच्या गावाचा वेगळा. एकाचं उत्तर दुसऱ्याला लावलं की पैसे गेलेच समजा.

भारतनेट: कागदावर सगळ्यात मोठं, प्रत्यक्षात कपाटातलं

ऑक्टोबर २०११ मध्ये नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क म्हणून हे मंजूर झालं, देशातल्या जवळपास अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर न्यायचा, नंतर नाव भारतनेट झालं, डिसेंबर २०१७ पर्यंत पहिल्या टप्प्यात लाखभर पंचायती जोडल्याचं सांगितलं गेलं. आपल्या राज्यात दुसऱ्या टप्प्याचं काम महानेट नावाने महाआयटी या राज्य सरकारच्या कंपनीने केलं. पैसा कुठून येतो तर टेलिकॉम कंपन्यांच्या उत्पन्नातून जो ५ टक्के हिस्सा सरकार वेगळा काढून घेतं त्यातून, त्या फंडाला आता डिजिटल भारत निधी म्हणतात. म्हणजे आपण जो रिचार्ज मारतो त्याचाच हा अंश, त्यामुळे हे कुणी उपकार म्हणून देतंय असं समजायचं कारण नाही.

आता प्रत्यक्षात काय होतं ते बघा. ग्रामपंचायत ऑफिसात जा, कोपऱ्यात एक लोखंडी कपाट असतं, त्यात बॅटरी आणि पांढरा डबा, डब्यावर चार दिवे, आणि त्यातला एलओएस लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर समजायचं की मागून फायबरचा उजेडच येत नाहीये, म्हणजे कुठंतरी तुटलाय. बऱ्याचदा तर कुठलाच दिवा लागलेला नसतो, कारण ऑफिस बंद करताना मेन स्विच पाडला जातो आणि बॅटरी कधीच बसलेली असते, किंवा त्या प्लगवर सध्या झेरॉक्स मशीन चालू आहे. चावी ग्रामसेवकांकडे (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालंय पण गावात कोण म्हणतंय तसं) आणि भाऊसाहेबांकडं दोन-तीन गावांचा चार्ज, ते येणार मंगळवारी.

फायबर तुटण्याची कारणं पण ठरलेली. रस्ता रुंदीकरण, जलजीवनची पाईपलाईन, शेताच्या बांधावर जेसीबी. पहिल्या टप्प्यात लाईन झाडाच्या फांदीसारखी टाकलेली, तालुक्यापासून एका ओळीने पंचायती, मध्ये एका ठिकाणी तुटली की पुढची सगळी गावं मेली. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १ लाख ३९ हजार ५७९ कोटींचा सुधारित कार्यक्रम मंजूर केला, त्यात रिंग आहे, म्हणजे एका बाजूने तुटलं तरी दुसऱ्या बाजूने फिरून येतं, आणि ज्याने बांधायचं त्यानेच दहा वर्षं सांभाळायचं अशी अट आहे. पाच वर्षांत दीड कोटी ग्रामीण घरांना कनेक्शन असं टार्गेट. कागदावर ही दुरुस्ती अगदी बरोबर जागी केलीये हे मी मोकळेपणाने म्हणेन, कारण आधीच्या टप्प्यात खणण्याचे पैसे होते आणि सांभाळण्याचे नव्हते.

तुमच्या कामाचा भाग मात्र वेगळाच आहे आणि तो फार कमी लोकांना माहितीये: भारतनेट उद्यमी. गावातलाच एखादा केबलचं काम येणारा पोरगा बीएसएनएलकडं नोंदणी करतो, पंचायतीपासून घरापर्यंत वायर तो ओढतो, दुरुस्ती तो करतो आणि महिन्याच्या बिलातला निम्मा वाटा त्याला मिळतो. २०२३ मध्ये याचे प्लॅन ३९९ रुपयांत ३० एमबीपीएसपासून होते. जिथं असा उद्यमी चांगला आहे तिथं हेच कनेक्शन झकास चालतं, कारण लाईन बंद म्हणजे त्याचं उत्पन्न बंद. जिथं उद्यमी नाही तिथं तक्रार द्यायची आणि वाट बघत बसायची. तेव्हा भारतनेट घ्यायचं का, हा प्रश्न सोपा करा: तालुक्याच्या बीएसएनएल ऑफिसला जाऊन विचारा की आमच्या रूटवर उद्यमी कोण, त्याचा नंबर द्या, आणि त्याला फोन करून विचारा तुझी किती घरं चालू आहेत. ज्या घरांची नावं सांगेल त्यातल्या दोन घरी जाऊन बघून या.

केबलवाला: ज्याचं कोणी नाव घेत नाही

सरकारी प्रेझेंटेशनमध्ये हा कधीच नसतो पण पश्चिम महाराष्ट्रात, खानदेशात, कोकणातल्या बाजाराच्या गावांत आज घराघरात जे फायबर आहे ते पुष्कळदा याचंच. पूर्वी डिशचा केबल टाकायचा, आता विजेच्या खांबावरून फायबर टाकतो, कुठल्यातरी मोठ्या आयएसपीची, म्हणजे नेट पुरवणाऱ्या कंपनीची फ्रँचायझी घेतलेली असते. खांबावरून लोंबणारी वायर दिसायला घाण, पण तुटली की दिसते कुठं तुटली, जमिनीखालचा फायबर शोधायला मशीन लागतं. संध्याकाळी फोन केला तर रात्री येऊन जोडून जातो कारण आयपीएल चालू असते आणि त्याला अजून दीडशे फोन आलेले असतात.

तोटे? पावसाळ्यात वारा आला की गेलं. बिल नीट देत नाही, आणि पंचायतीला किंवा वाचनालयाला जीएसटीचं बिल लागतंच, ऑडिटला काय दाखवणार. स्पीड १०० सांगतो आणि संध्याकाळी ८ ला २० मिळतो कारण मागून त्यानेच कमी घेतलेलं असतं. आणि एका गावात एकच केबलवाला असेल तर भाव तो सांगेल तो. तरी सांगतो, बीएसएनएल उद्यमी नसेल आणि केबलवाला धडाचा असेल तर दुसरीकडं बघूच नका. फक्त त्याचं लायसन्स किंवा फ्रँचायझीचं पत्र मागा आणि वर्षाचे पैसे एकदम देऊ नका, तीन-तीन महिन्यांनी द्या.

पीएम-वाणी: कल्पना एक नंबर, गिऱ्हाईक कुठंय

जुन्या एसटीडी बूथसारखं आहे हे. किराणावाला, चहावाला, कोणीही स्वतःच्या दुकानात वायफाय लावतो आणि पाच-दहा रुपयांचे कूपन विकतो, त्याला पब्लिक डेटा ऑफिस म्हणजे पीडीओ म्हणतात. ९ डिसेंबर २०२० ला केंद्राच्या मंत्रिमंडळाने याला मंजुरी दिली. पीडीओला लायसन्स लागत नाही, फी नाही. मागं एक ॲग्रिगेटर असतो, पीडीओए, तो ग्राहकाची ओळख, ओटीपी, हिशेब हे सगळं बघतो, ग्राहक एक ॲप घेतो, एकदाच ओळख पटवतो आणि मग कुठल्याही वाणी हॉटस्पॉटला जोडू शकतो. सगळ्या हॉटस्पॉटची यादी सी-डॉट या सरकारी संस्थेच्या सेंट्रल रजिस्ट्रीत असते. ट्रायने, म्हणजे टेलिकॉम कंपन्यांवर नियम लावणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये याचा पायलट केला तेव्हा २ रुपयांपासून २० रुपयांपर्यंतची पाकिटं होती, शाम्पूच्या पुडीसारखी.

मग अडलं कुठं? २०१८ च्या दूरसंचार धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं स्वप्न होतं. पीएम-वाणीचे २०२५ मध्ये तीन लाखांच्या आसपास होते, आणि त्यातला मोठा वाटा एकट्या दिल्लीत. दिल्लीतच का, तर तिथल्या दाट वस्त्यांत एका गल्लीत दोनशे भाडेकरू खोल्या असतात, एका डब्यावर भरपूर गिऱ्हाईक. आपल्या गावात तो हिशेब बसत नाही.

दुसरी अडचण कंपन्यांची होती. किराणावाला नेट घ्यायला गेला की कंपनी म्हणायची तू विकणार आहेस, तुला घरगुती प्लॅन नाही, लीज्ड लाईन (धंद्यासाठीची राखीव लाईन) घे, आणि लीज्ड लाईनचा दर घरगुती फायबरच्या कितीतरी पट. चहाच्या टपरीला लीज्ड लाईन कशी परवडेल! शेवटी जून २०२५ मध्ये ट्रायने आदेश काढला की २०० एमबीपीएसपर्यंतचे घरगुती फायबर प्लॅन पीडीओला द्यायचे आणि दर घरगुतीच्या दुपटीपेक्षा जास्त लावायचा नाही. हे प्रिंट काढून खिशात ठेवा, कारण तालुक्याच्या फ्रँचायझीला हे माहीत असेलच असं नाही.

आता आकडेमोड करू. समजा घरगुती प्लॅन ६०० चा आहे, दुप्पट म्हणजे १,२००, वर १८ टक्के जीएसटी, झाले १,४१६. दहा रुपयांचं कूपन विकलं तर १४२ कूपन महिन्याला नुसतं बिल भरायला, त्यात ॲग्रिगेटरचा वाटा, वीज धरली तर १८०-१९० पर्यंत जाल. म्हणजे दिवसाला सहा-सात. आठवडी बाजाराच्या गावात, एसटी स्टँडसमोर, कॉलेजच्या गेटवर, साखर कारखान्यापाशी जिथं ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात तिथं हे सहज होतं, मोबाईल कंपनीचा १ जीबीचा ॲड-ऑन २०२४ च्या दरवाढीत १९ ते २२ रुपयांना झाला, त्यापुढं दहाला दिवसभर हे स्वस्तच. आतल्या हजार वस्तीच्या गावात होणार नाही. तिथं किराणावाल्याला पीडीओ करायचंच असेल तर पंचायतीने बिलाचा अर्धा भार उचलावा, हे मला चौकातल्या फुकट वायफायपेक्षा शंभर पट शहाणपणाचं वाटतं, कारण दुकानदार सकाळी सातला शटर उघडतो आणि डबा बंद दिसला तर स्वतः फोन लावतो.

एअरफायबर आणि टॉवर

२०२३ पासून जिओ आणि एअरटेल दोघांनी फाईव्हजीवर चालणारं घरगुती नेट आणलं. घरावर एक डबा, वायर ओढायची भानगड नाही, दोन दिवसांत चालू. जिओचे दर ५९९ अधिक जीएसटीपासून सुरू झाले. जिथं फायबर नाही आणि फाईव्हजीचा टॉवर दिसतोय तिथं शाळेसाठी, उपकेंद्रासाठी हे मस्त. पण सार्वजनिक वापरासाठी घेताना एक गोष्ट बघा: महिन्याला साधारण १,००० जीबीची मर्यादा असते, त्यानंतर स्पीड पडतो. घरात चार माणसांना ते संपता संपत नाही. अभ्यासिकेत ४० पोरं रोज एक-एक जीबी वापरली की दिवसाला ४० जीबी, पंचविसाव्या दिवशी कोटा खलास, आणि शेवटचा आठवडा सगळे सेक्रेटरीच्या डोक्यावर बसणार. शिवाय घरगुती प्लॅन पुन्हा वाटायला कंपनीची परवानगी नसते, तेव्हा संस्थेच्या नावाने बिझनेस कनेक्शनच घ्या, दर जास्त पडेल.

टॉवरच नाही अशी गावं राहिलीत का? राहिलीत. त्यासाठी जुलै २०२२ मध्ये २६,३१६ कोटींचा फोरजी सॅच्युरेशन प्रकल्प मंजूर झाला, २४,६८० गावं, काम बीएसएनएलकडं. तुमचं गाव त्या यादीत असेल तर वायफायवर खर्च करण्याआधी टॉवरचा पाठपुरावा करा, जागा आणि वीजजोडणी हे नेहमीचे अडथळे असतात, जागेचं पंचायतीच्या हातात आहे आणि विजेचा पाठपुरावा पंचायत करू शकते.

सॅटेलाईट

यावर फार लिहीत नाही. सॅटेलाईटवरून नेट देणाऱ्या स्टारलिंक या अमेरिकन कंपनीला जून २०२५ मध्ये केंद्राचं लायसन्स मिळालं, नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने त्यांच्याबरोबर इरादापत्रावर सह्या केल्या, गडचिरोली, नंदुरबार, धाराशिव, वाशिम ही नावं त्यात आहेत. सातपुड्यातल्या एखाद्या पाड्यावर, जिथं फायबर न्यायला दहा किलोमीटर जंगल आणि वनखात्याची परवानगी, तिथं हाच मार्ग आहे याबद्दल वाद नाही. पण पंचायतीने स्वतःच्या पैशाने घ्यायची ही गोष्ट नाही, आश्रमशाळा किंवा आरोग्य केंद्राच्या नावाने राज्याकडून येत असेल तर घ्या आणि त्याचं वायफाय संध्याकाळी पाड्याला खुलं ठेवायची अट घाला. रस्त्याकाठच्या गावाने याचं नाव पण काढू नये.

डोंगरापलीकडं फायबर असेल तर

हा पर्याय कोटेशनवाले सांगत नाहीत कारण त्यात मार्जिन नाही. शेजारच्या गावात फायबर चालू आहे, मधे दरी आहे पण पाण्याच्या टाकीवरून टाकी दिसते, मग दोन टाक्यांवर समोरासमोर रेडिओ लावायचे. त्यासाठी लागणारा रेडिओ लहरींचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो, २०१८ मध्ये तो अजून मोकळा केला. जोडी पंधरा-वीस हजारांत येते, सरळ दिसत असेल तर पाच-सात किलोमीटर आरामात.

पालघरमध्ये आयआयटी मुंबईच्या लोकांनी ग्राममार्ग नावाने असंच काम केलंय, आधी टीव्ही चॅनलसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरींच्या पट्ट्यावर प्रयोग, मग रेडिओ लिंक, आणि २०१७ मध्ये त्याला मोझिलाच्या स्पर्धेत बक्षीस मिळालं. मला त्यातली टेक्नॉलॉजी कमी आणि हिशेबाची मांडणी जास्त आवडते: पंचायतीनेच यंत्रणेत पैसा घालायचा, गावातल्याच एकाने ती चालवायची आणि कमाई वाटून घ्यायची. पैसे घातले की पंचायत विचारते, बाबा आज बंद का.

आणि तो चौकातला फुकट वायफाय

याचा इतिहास आपल्याकडं भरपूर आहे. मुंबईत जानेवारी २०१७ मध्ये ‘आपले सरकार मुंबई वायफाय’चे ५०० हॉटस्पॉट सुरू झाल्याची घोषणा झाली. आज मुंबईत राहणाऱ्या ओळखीच्या माणसाला विचारा त्याने शेवटचं ते कधी वापरलं. मेळघाटातलं हरिसाल २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्ट आणि राज्य सरकारने मिळून डिजिटल गाव केलं, टेलिमेडिसिन होतं, टीव्हीच्या पट्ट्यावरून नेट होतं, आणि २०१९ च्या निवडणुकीत राज ठाकरे ‘लाव रे तो व्हिडिओ’ म्हणत त्याच हरिसालची अवस्था दाखवत होते. कोण खरं कोण खोटं या राजकारणात मी जात नाही, पण गावाला डिजिटल म्हणून जाहीर करणं आणि तीन वर्षांनी तिथला डबा चालू असणं या दोन वेगळ्या बजेटच्या गोष्टी आहेत.

चाललेलं उदाहरण म्हणजे रेल्वे स्टेशन. जानेवारी २०१६ मध्ये मुंबई सेंट्रलला गुगल आणि रेलटेल या रेल्वेच्याच टेलिकॉम कंपनीने सुरू केलं, दोन-अडीच वर्षांत ४०० स्टेशनं. २०२० मध्ये गुगल बाहेर पडलं, म्हणे आता लोकांकडं स्वस्त डेटा आहे. रेलटेलने ते चालूच ठेवलं आणि आज हजारो स्टेशनांवर आहे. का टिकलं? रूळाच्या कडेने त्यांचा स्वतःचा फायबर आहे, स्टेशनात २४ तास वीज आणि माणूस आहे, आणि फुकट फक्त पहिली ३० मिनिटं, पुढं पैसे, २०२१ मध्ये आणलेल्या प्लॅनमध्ये १० रुपयांत दिवसाला ५ जीबी. चौकात यातलं काहीच नसतं. खांबावर ऊन-पाऊस, लोडशेडिंग, वीस पोरं रात्री अकरापर्यंत रील बघत बसलेली, म्हणून शेजारचे काका वैतागून वायर काढतात. आणि बायका तिथं येऊन फॉर्म भरतील असं ज्याला वाटतं त्याने एकदा रात्री त्या चौकात उभं राहून बघावं.

केरळचं केफॉन पण लोक उदाहरण म्हणून देतात. जून २०२३ मध्ये सुरू झालं, विजेच्या खांबांवरून राज्याचा स्वतःचा फायबर, गरीब २० लाख कुटुंबांना फुकट द्यायचं ध्येय आणि पहिल्या टप्प्यात १४ हजार. कल्पना मोठी आहे, पण ते राज्याने करायचं काम, एका पंचायतीला त्यातून उचलण्यासारखं एकच: फुकट द्यायचं तर घर ठरवून द्या, हवेत सोडू नका.

पोलीस आणि कागद

उघडा, पासवर्ड नसलेला वायफाय कधीही ठेवू नका. २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा ईमेल नवी मुंबईत सानपाड्याच्या एका घरातल्या उघड्या वायफायवरून गेल्याचं निघालं होतं, त्यानंतर २००९ मध्ये दूरसंचार खात्याने नियम घट्ट केले, वापरणाऱ्याची ओळख पटलीच पाहिजे. पीएम-वाणीत हे ॲग्रिगेटर करतो. वाचनालयात तुम्हाला करावं लागेल, सभासद नंबरवर लॉगिन द्या, नाहीतर निदान कॉम्प्युटरपाशी सहीचं रजिस्टर ठेवा.

मग घ्यायचं काय

रस्त्याकाठचं, बाजाराचं गाव असेल: केबलवाला किंवा भारतनेट उद्यमी यातला जो जवळचा त्याचं १०० एमबीपीएस कनेक्शन वाचनालयात, दोन जुने कॉम्प्युटर (रिफर्बिश्ड १२-१५ हजारांना एक मिळतो), राऊटरला दीड हजाराचा छोटा यूपीएस, बाहेरच्या कट्ट्यासाठी एक आऊटडोअर डबा आठ-दहा हजारांचा. वर्षाचं बिल दहा हजारांच्या आसपास. सगळं मिळून पंचेचाळीस-पन्नास हजार (प्रिंटर-स्कॅनर वेगळा), त्या अडीच लाखाच्या कोटेशनसमोर ठेवून बघा. आणि १०० एमबीपीएस कमी नाही, ४० जण एकाच वेळी बऱ्या क्वालिटीचा व्हिडिओ बघायला साधारण तेवढंच लागतं, शाळेतल्यासारखे सगळे एकदम कधी बघत नाहीत. स्टँडसमोरच्या दुकानदाराला पीडीओ करा, तो पंचायतीचा खर्च नाही.

मधलं गाव, कपाटातला डबा मेलेला: आधी तो जिवंत होतो का बघा, लेखी तक्रार द्या आणि तक्रार नंबर घ्या. त्या वाटेवर उद्यमी असला तर तेच, नसला तर टाकीवरचा रेडिओ, तोही जमत नसेल तर एअरफायबर बिझनेस कनेक्शन. डबा पंचायत ऑफिसात न ठेवता शाळेत किंवा वाचनालयात हलवता येतो का तेही विचारा, कारण ऑफिस पाचला बंद होतं आणि पोरं सहाला मोकळी होतात.

पाडे, वाड्या: टॉवरचा पाठपुरावा आणि आश्रमशाळेतली डिश. स्वतः खर्च करू नका.

वाचनालय म्हणतोय खरं, पण ते चालू पाहिजे. ड वर्गाचं, अनुदान तुटपुंजं, ग्रंथपाल अर्धवेळ, हे मला माहितीये. तरी तिथं बाकडी आहेत, दिवे आहेत, आणि मुलींना तिथं बसायला घरचे हो म्हणतात, हा मुद्दा माझ्या लेखी स्पीडपेक्षा मोठा आहे. वाचनालय नसेल तर शाळेची एक खोली संध्याकाळी.

पैशाचं असं की डबे, कॉम्प्युटर एकदाच घ्यायचे ते वित्त आयोगातून बसवता येतात, १५ व्या आयोगात ६० टक्के बंधित म्हणजे पाणी-स्वच्छतेचे होते आणि ४० टक्के अबंधित, असलं काम त्या अबंधितमध्ये, पगार त्यातून चालत नाही. महिन्याचं बिल मात्र ग्रामनिधीतून, घरपट्टीच्या पैशातून ठरावात धरा, नाहीतर दुसऱ्या वर्षी बिल कुणी भरायचं यावर भांडणं. विकास आराखड्यात नाव घालायला विसरू नका, ऐनवेळी ते बसत नाही.

ठरावात तीन ओळी जास्तीच्या लिहून घ्या. कनेक्शन संस्थेच्या नावावर, कुणा सदस्याच्या नावावर नाही. सलग तीन दिवस बंद राहिलं तर त्या महिन्याच्या बिलातून कपात, हे केबलवाल्याच्या सहीसकट. आणि राऊटरचा ॲडमिन पासवर्ड पाकिटात घालून दप्तरात, कारण ज्या पोराने सगळं बसवलेलं असतं तो वर्षभरात पुण्याला नोकरीला जातोच, आणि मग नवा पासवर्ड टाकायला त्याला व्हिडिओ कॉल लावत बसावं लागतं, ज्यासाठी नेट लागतं.